सात बहिणी, दोन भाऊ आणि वेरूळचा मुलूख

भोसले घराण्याच्या बखरींत वेरूळच्या एका रात्रीची हकिगत येते. मालोजी आणि विठोजी हे बाबाजी भोसल्यांचे दोघे पुत्र. निजामशाहीच्या चाकरीत त्यांचा लौकिक होण्यापूर्वी गावची पाटीलकी आणि शेतीवाडी एवढाच त्यांच्या घराचा आधार होता. अशा दिवसांत एका रात्री शेतात असताना मालोजींना देवीचे दर्शन घडले. समोरच्या वारुळाखाली द्रव्य आहे, वारुळात सर्प आहे, तो माझेच रूप असल्याने त्याला भिऊ नये, नमस्कार करावा म्हणजे तो वाट मोकळी करून निघून जाईल, असे तिने सांगितले. त्याप्रमाणे घडले, आणि ते द्रव्य चांभारगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवून या भावांनी घोडी आणि माणसे जमवली, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंसाठी तलाव बांधला, अशी ही कथा आहे. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने तिच्याकडे संशयाने पाहिले, आणि इतिहासाच्या कसोटीवर तो संशय योग्यच होता; भोसल्यांच्या उत्कर्षाची कारणे वारुळात नव्हे, तर निजामशाहीच्या उतरत्या काळात शूर मराठा सरदारांना मिळालेल्या लष्करी संधीत शोधावी लागतात. परंतु कथा खोटी ठरली म्हणून तिच्यातला आचार खोटा ठरत नाही. रात्रीच्या अंधारात अमानुष शक्तीसमोर उभा राहिलेला एक तरणा शिपाई, ज्याच्या कमरेला तलवार असणारच, तो त्या शक्तीवर शस्त्र उगारत नाही, हात जोडतो, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात काही कमीपणा वाटत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ती महत्त्वाची का, हे कळण्यासाठी क्षणभर दूर जावे लागेल. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर २००५ पासून २०२० पर्यंत ‘सुपरनॅचरल’ नावाची एक भयमालिका चालली. पंधरा सत्रे आणि ३२७ भाग एवढ्या तिच्या दीर्घ प्रवासात सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ जुन्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून गावोगाव फिरतात, कुठे कोणाला काय झपाटले आहे याचा माग काढतात, त्या प्राण्याचे मर्म शोधतात आणि त्याचा निकाल लावतात. भुताला अडवायला मीठ आणि लोखंड, आणि त्याची अस्थी मीठ घालून जाळून टाकणे हा कायमचा उपाय. आई एका पिशाचाने मारली, बापाने सूडापायी शिकारीचे व्रत घेतले आणि मुलांनी ते वारशाने पुढे चालवले, अशी ही कुळकथा असल्यामुळे तिच्यात जिव्हाळाही आहे आणि करुणाही. आपल्याकडची तरुण मंडळी ती आवडीने पाहतात त्याचे मला आश्चर्य वाटत नाही. तिचा मूळ नियम मात्र एकच आहे: जे अमानुष ते परके, आणि परक्याचा शेवट मृत्यूने. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, म्हणजे वेरूळ, पैठण आणि सातारा डोंगराच्या या टापूत, भावंडांची आणि अमानुषांची गाठ शेकडो वर्षे पडत आली आहे, आणि येथे निराळाच शिरस्ता पडलेला दिसतो.

आपल्या दूरदर्शनवर गाजलेली पहिली वेताळकथा याच जिल्ह्यातली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका १९८५ साली सुरू झाली. खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा आणि त्याच्या पाठीवर बसून गोष्ट सांगणारा वेताळ पाहण्यासाठी एका पिढीची मुले दूरदर्शन संचासमोर गोळा होत असत. या कथांचा अकराव्या शतकातील आधार म्हणजे काश्मिरी पंडित सोमदेवाचा कथासरित्सागर; आणि सोमदेव सांगतो की हा राजा गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान नगरीचा होता. त्याचे नाव त्याने त्रिविक्रमसेन असे दिले आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. एका भिक्षूच्या शब्दाखातर राजा स्मशानात जातो, शिंशपा वृक्षावर लोंबकळणारे प्रेत उतरवतो, वाटेत वेताळ प्रश्न घालतो, उत्तर देताच तो पुन्हा झाडाकडे पळतो आणि राजा पुन्हा मागे फिरतो. बाह्यतः ही शिकारच आहे, आणि चिकाटीची शिकार आहे. परंतु शेवटी निष्पन्न काय होते? तो वेताळच राजाला सावध करतो की तुला येथे धाडणारा भिक्षू तुझाच बळी देण्याच्या बेतात आहे. राजा त्या कपटी मनुष्याचा वध करतो आणि वेताळ त्याचा साहाय्यक होतो. पाठलाग ज्याचा केला तो सोबती ठरला आणि ज्याच्यासाठी केला तो घातकी निघाला, असा हा उलटा न्याय पैठणच्या राजाच्या वाट्याला आला.

आता वेरूळकडे वळू. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर डोंगराच्या कडेला चौतीस क्रमांकांची लेणी पसरली आहेत. त्यांपैकी ब्राह्मणी लेण्यांत अंधकासुरवधाचा प्रसंग पुन्हापुन्हा कोरलेला आढळतो: ‘रावण की खाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौदाव्या लेण्यात, दंतिदुर्गाचा लेख असलेल्या पंधराव्यात, आणि एकोणतिसाव्या डुमार लेण्यात. पंधराव्या लेण्यातील शिल्पापुढे मी जितका वेळ थांबतो तितका दुसऱ्या कशापुढेही थांबत नाही. भैरवरूप शिव एका बाजूला झेपावला आहे, गळ्यात मुंडमाळा, वर हातांत पसरलेले गजचर्म, त्रिशूळावर टोचलेला असुर. आणि खाली, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी, हाडांचा सापळा झालेली काली बसली आहे. तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट कोरल्या आहेत, केस ताठ उभे आहेत, तोंड पसरले आहे, आणि वरून गळणारे रक्त झेलण्यासाठी तिने पात्र पुढे धरले आहे. ते पात्र हाच साऱ्या प्रसंगाचा कणा होय. अंधकाच्या रक्ताचा प्रत्येक थेंब भूमीवर पडताच त्यातून नवा अंधक उभा राहत असे. तेव्हा त्याला मारण्यापेक्षा त्याचे रक्त भूमीला लागू न देणे हे अवघड काम होते, आणि त्यासाठी मातृकांची उत्पत्ती झाली, असे पुराणे सांगतात.

पुराणकारांची येथील प्रामाणिकता मला विलक्षण वाटते. मत्स्यपुराणात युद्ध संपल्यावर कथा संपत नाही. रक्ताची चटक लागलेल्या त्या मातृका आता त्रैलोक्यच खाऊन टाकावे म्हणून निघतात, शिवाच्या आज्ञेलाही जुमानत नाहीत, आणि त्यांना आवरण्यासाठी नरसिंहाला पाचारण करावे लागते. असुराला मारण्यासाठी जी हिंसक शक्ती आपण जागी केली तिचे नंतर काय करायचे, हा प्रश्न शिकारीच्या कथांत सहसा कोणी विचारत नाही. तो येथे विचारला गेला. आणि खुद्द अंधक तरी कोण? शिवपुराणाच्या मते पार्वतीने शिवाचे डोळे झाकले तेव्हा त्या अंधारात जन्मलेला, हिरण्याक्षाला देऊन टाकलेला तो शिवाचाच पुत्र; त्रिशूळावर शुष्क झाल्यावर तो स्तुती करतो आणि अखेर शिवगणांत त्याला स्थान मिळते. मारणारा, मारला जाणारा आणि रक्त पिणाऱ्या या सगळ्यांचे गोत्र शेवटी एकच निघते.

या शक्तींचे पुढे काय केले याचे उत्तर वेरूळच्या शिल्पकारांनी दगडात दिले आहे. सहाव्या शतकातील रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, एका बाजूच्या दालनात सप्तमातृका ओळीने बसवल्या आहेत. नीलकंठ लेण्यात आहेत. आठव्या शतकात कृष्णराजाच्या काळी घडलेल्या कैलासाच्या प्रांगणातील दक्षिणेकडच्या यज्ञशाळेत तर त्या जवळजवळ माणसाएवढ्या आकाराच्या आहेत. चौदाव्या लेण्याच्या प्रदक्षिणामार्गातील ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. ब्राह्मीच्या खाली हंस, माहेश्वरीच्या खाली नंदी, कौमारीच्या खाली मोर, वैष्णवीच्या खाली गरुड, वाराहीच्या खाली वराह, इंद्राणीच्या खाली हत्ती, चामुंडेच्या खाली घुबड. आणि मांडीवर मूल. ज्यांनी रणांगणावर रक्त प्यायले त्याच या. आता मांडी घालून, मुलाला सांभाळत, ठरलेल्या आसनावर बसल्या आहेत. ओळीच्या टोकाला राखणीला पुरुषदेव आहे, आणि पलीकडे काल आणि काली यांचे अस्थिपंजर, जणू या मातांचे पूर्वरूप कोणी विसरू नये म्हणून.

हा विचार केवळ शैवांचा नव्हे. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात शहराची स्वतःची बौद्ध लेणी आहेत आणि वेरूळच्या गर्दीमुळे त्यांची उपेक्षा होते याची मला नेहमीच खंत वाटते. त्यांतील सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर भक्तांना आठ महाभयांतून सोडवीत आहे असे एक मोठे शिल्प आहे: आग, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती, आणि आठव्या ठिकाणी आईच्या कुशीतील मुलावर झेपावणारी राक्षसी. त्याच ओवरीत, चार पावलांवर, हारिती आपल्या पंचिकासह मूल घेऊन शांतपणे बसली आहे. ही हारिती मुळात राजगृहाची यक्षिणी, लोकांची मुले पळवून खाणारी. बुद्धाने तिचेच धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा आपल्या पाचशे मुलांपैकी एकासाठी ती रडू लागली आणि इतर मातांचे दुःख तिला कळले. मग माझ्या मुलांनी खायचे काय, असा रोकडा सवाल तिने केला, आणि विहारात रोज तुम्हाला अन्न मिळेल असा शब्द तिला मिळाला. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने विहारांच्या ओवरीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात तिची मूर्ती असून तिच्यापुढे नित्य अन्न ठेवले जाते, असे लिहून ठेवले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही तिचे स्वतंत्र दालन आहे आणि तिच्या पायाशी पंतोजीसमोर बसलेली, खोड्या करणारी शाळकरी मुले कोरली आहेत.

याला मी बंदोबस्त म्हणतो. जुन्या गावगाड्यात बलुतेदाराचा हक्क, त्याची जागा आणि सणावारी त्याचा मान ठरलेला असे, आणि तो मिळाला की तंटा उरत नसे. अमानुष शक्तींशीही या मुलखाने तोच व्यवहार केला. जागा नेमून दिली, वाटा नेमून दिला, नाते जोडले.

या व्यवहाराच्या मुळाशी जी भीती होती ती काल्पनिक नव्हती. महाभारताच्या वनपर्वात इंद्र लोकमातांना बालस्कंदाचा जीव घेण्यासाठी पाठवतो आणि त्या बालकाला पाहून त्यांना पान्हा फुटतो. त्याच ठिकाणी सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडा देणाऱ्या ग्रहांचीही माहिती येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पूतना, रेवती, शकुनी, नैगमेष असे नऊ बालग्रह सांगितले आहेत. आपल्या घरांतील पाचवीची रात्र याच परंपरेतली: पाटा-वरवंटा पुजायचा, सटवाई मुलाचे ललाट लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि बाळंतिणीजवळ बायकांनी जागायचे. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात नवजात अर्भकाला बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास गाठतो. दूध ओढणारे मूल एकाएकी तोंड मिटून घेते, अंग ताठ होते, आणि हाताशी काही उपाय नसतो. ज्या घराने हे एकदा पाहिले त्याने त्या रात्री दिवा विझू दिला नाही, यात अडाणीपणा पाहण्यापेक्षा त्या बायकांची जागरणे डोळ्यांसमोर आणावीत असे मला वाटते.

लेण्यांतल्या ओळीचे गावातले रूप विहिरीच्या काठी दिसते. पुराणांनी ज्यांना माता म्हटले तशाच सातजणींना गाव बहिणी म्हणते: साती आसरा. शेंदूर फासलेले सात तांदळे, समोर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खणाची ओटी, दहीभाताचा नैवेद्य. आणि थोडे बाजूला आठवा दगड, तो त्यांचा भाऊ म्हसोबा. त्यांची जी नावे परंपरेने चालत आली आहेत त्यांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी पाण्यातल्या प्राण्यांचीच नावे येतात. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकट्या बाईने पाण्यावर जाऊ नये, गोजिरवाण्या पोराला डोहाजवळ खेळू देऊ नये, आसरा ओढून नेतात, असे म्हाताऱ्या सांगत. ज्या प्रदेशात पावसाचा भरवसा नाही, जिथे मलिक अंबरला आपल्या खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, डोंगराकडून नहर आणावी लागली, तिथे गावाचे जगणे आणि गावातले अपघाती मरण एकाच विहिरीत असणार. म्हणून भयही तिथेच वस्तीला आले. नवी विहीर खोदली की आसरांची पूजा आधी. दामोदर कोसंबी यांनी पुणे आणि मावळ भागातील अशा स्थानांचा पायी हिंडून माग घेतला आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांची चर्चा केली. तसे काम मराठवाड्यात गावोगाव व्हायला हवे होते. वेरूळच्या सात माता आणि बांधावरच्या सात बहिणी यांत कोणाचा वंश कोणाकडून आला, याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सात जणींची ओळ, टोकाला राखणदार पुरुष, मुलांवरचा हक्क आणि मुलांचे रक्षण या दोन्ही गोष्टी एकाच हाती, इतके साम्य केवळ योगायोगाचे असावे हे माझ्या मनाला पटत नाही.

या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवली तर हे लिखाण अप्रामाणिक होईल. दगडातल्या सात जणींशी गावाने जी उदारता दाखवली ती जिवंत बाईच्या वाट्याला पुष्कळदा आली नाही. मूल दगावले की एखाद्या निराधार विधवेला चेटकीण ठरवावे, फिट येणाऱ्या सुनेला बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषीपुढे बसवून मिरच्यांची धुरी द्यावी, साखळदंडाने बांधावे, झोडपावे, हेही याच मुलखात घडत आले. शिकारीची वृत्ती अशी माणसांवर उलटली, आणि त्या शिकारीत बहुधा घरचीच माणसे सामील असत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या क्रौर्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. तो पूर्वीच व्हायला हवा होता, आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात मातृका आहेत त्यांनीच त्याचा आग्रह धरायला हवा होता.

भावंडांच्या या कथांत एक कथा उलट बाजूने येते, कारण तीत अमानुषच भावंडे आहेत. शहराच्या दक्षिणेला सातारा डोंगराच्या पायथ्याशी खंडोबाचे जुने देऊळ आहे; लोक ते अहल्याबाई होळकरांच्या काळाशी जोडतात, आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या यात्रेत, तिथे भंडाऱ्याने माणसे आणि पायऱ्या सारख्याच पिवळ्या होतात. ही षष्ठी मणी आणि मल्ल या दैत्यबंधूंच्या पराभवाची. परंतु मल्हारी माहात्म्यातील दोघा भावांचा शेवट सारखा नाही. धाकटा मणी मरताना शरण आला आणि आपली मूर्ती देवाजवळ असावी असा वर त्याने मागून घेतला. मल्ल गर्वाने लढत राहिला, म्हणून त्याचे मस्तक भक्तांच्या पायाखाली पायरीशी आले. एवढ्यावरही त्या मल्लाच्या नावाशीच देवाचे मल्हारी हे नाव कायमचे जोडले गेले. खंडोबाला पुरणपोळी आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो. मांसाचा नैवेद्य त्याला चालत नाही, तो मणीचा, आणि तो मागण्याचा हक्कही मणीने वर मागताना स्वतःच पदरात पाडून घेतला होता. वाघ्या-मुरळी रात्रभर जागरण घालतात तेव्हा दैत्यांच्या युद्धाची कथा गातात, आणि सकाळी ज्याचा त्याला वाटा पोचवला की उठतात.